आतलं इंजिन, बाहेरचं इंजिन : जुन्या किटमधून दोन इंजिनांचं कंट्रोल लाइन विमान

दोन इंजिनांचं मॉडेल विमान तारांवर, म्हणजे मधोमध उभं राहून हातातल्या हॅण्डलला जोडलेल्या दोन तारांनी गोल फिरवत, उडवायचं असेल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा : बाहेरचं इंजिन आधी बंद पडलं पाहिजे. नेहमी. एकही इंजिन लावायच्या आधी, किंबहुना पहिली रिब (पंखाची फासळी) कापायच्या आधी हे ठरलेलं हवं, कारण टाक्या, इंजिनांचा कोन, शेपटी, पंखाच्या टोकाचं वजन हे सगळं त्यावर बेतायचं असतं.

कारण साधं आहे. कंट्रोल लाइन विमान सहसा वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. तुम्ही मधोमध उभे, विमानाचा डावा पंख तुमच्याकडे. म्हणजे डावं इंजिन ‘आतलं’ आणि उजवं ‘बाहेरचं’. उजवं बंद पडलं आणि डावं चालू राहिलं, तर नाक उजवीकडे, तुमच्यापासून दूर वळतं आणि तारा ताणलेल्याच राहतात. डावं बंद पडलं आणि उजवं चालू राहिलं, तर नाक सरळ तुमच्या दिशेने वळतं आणि तारा सैल पडतात. तार सैल पडली की एलेव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) तुमच्या हातात राहत नाही. मग एक किलोचं विमान फिरत्या प्रोपेलरसकट कुठे जायचं ते स्वतःच ठरवतं.

म्हणून मी या लेखात डावं-उजवं म्हणणार नाही. आतलं आणि बाहेरचं. किट उघडल्यावर तुम्हीही पहिल्यांदा पेन्सिलीने आराखड्यावर हेच दोन शब्द लिहा.

तारांवरच्या विमानांची ही तऱ्हा अमेरिकेत रुजली. जिम वॉकरने १९४० च्या आसपास ‘फायरबॉल’ हे मॉडेल आणि ‘यू-कंट्रोल’ हे नाव बाजारात आणलं. ओबा सेंट क्लेअरने मात्र १९३० च्या दशकातच असं विमान उडवलं होतं, आणि पुढे कोर्टात वॉकरच्या पेटंटचा दावा त्यामुळेच टिकला नाही. नंतरची दोन-तीन दशकं किटच्या पेट्यांचा सुकाळ होता. दोन इंजिनांच्या किटमध्ये दुसऱ्या महायुद्धातली विमानं जास्त : पी-३८ लाइटनिंग, मॉस्किटो, टायगरकॅट. दिसायला देखणी. पण खऱ्या विमानाच्या तंतोतंत डाव्या-उजव्या समानतेने आपल्याला फसवणारी.

पेटी उघडल्यावर लगेच कापू नका

जुन्या पेटीत साधारण हे सापडतं : ठोकळे, ठसे उमटवलेले बाल्साचे पत्रे, काही प्लायवूडचे तुकडे, घडीवर फाटत चाललेला आराखडा, पिवळी पडलेली, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं आणि एक नायलॉनचा बेलक्रँक (तारांची ओढ एलेव्हेटरपर्यंत पोचवणारा फिरता तुकडा). ठसे मारून कापलेले भाग बहुतेकदा कापलेले कमी आणि चिरडलेले जास्त असतात. साचा बोथट झाला की बाल्सा तुटत नाही, दबतो. असा भाग हाताने दाबून बाहेर काढला तर निम्मी रिब पत्र्यालाच चिकटून राहते. मागच्या बाजूने धारदार पात्याने रेषा पुन्हा ओढून मगच काढा.

माझी पद्धत वेगळी आहे, आणि ती मी जोर देऊन सांगतो. आराखडा स्कॅन करून घ्यायचा, प्रत्येक भागाची रेषा जाड पुठ्ठ्यावर उतरवायची, आणि नव्या बाल्सातून सगळं कापायचं. मूळ पत्रे पेटीत परत. जुनं लाकूड अनेकदा कोरडं, ठिसूळ आणि वाटेल त्या वजनाचं असतं. मूळ भागच वापरायचा हट्ट असेल तर निदान स्पार (पंखाचा लांब कणा) आणि इंजिन ज्यांवर बसतं ते दांडे तरी नवे घ्या.

आराखड्याच्या कागदावर आंधळा विश्वास ठेवू नका. कागद दमट हवेत ताणतो, सुकला की आकसतो, आणि तोही लांबी-रुंदीत सारखा नाही. आधी आराखड्यावरची पट्टी किंवा एखादं छापील माप मोजून बघा.

पण दोन पंखांची लांबी मोजताना ती सारखी आली नाही, तर छपाईची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका. आतला पंख मुद्दाम थोडा लांब ठेवलेला असतो. १९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात बाहेरचा पंख आतल्यापेक्षा थोडा वेगाने फिरतो. ११० सेंमी पंखविस्ताराच्या विमानात दोन पंखांच्या मध्यांच्या वेगात सुमारे ३ टक्के फरक पडतो, म्हणजे उचल सुमारे ६ टक्क्यांनी वेगळी. शिवाय तारांचं वजनही आतल्याच पंखावर. लांबीतला फरक हा या हिशेबाचा आहे.

लाकूड तोलून घ्या

३ मिमी जाड, ७५ मिमी रुंद, ९०० मिमी लांब बाल्साचा पत्रा २० ग्रॅमचाही असतो आणि ४० ग्रॅमचाही. दिसायला दोन्ही सारखेच. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक पत्र्यावर वजन लिहून ठेवा. जड आणि चिवट लाकूड स्पारला आणि नॅसेलच्या (पंखावरच्या इंजिनाच्या कोशाच्या) बाजूंना. हलकं, मऊ लाकूड शेपटीला. शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात दोन-अडीच ग्रॅम शिसं मागतो. दोन इंजिनांच्या विमानात इंजिनं फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) टोकावर नसून पंखावर असतात, गुरुत्वमध्याच्या फारशी पुढे नसतात. त्यामुळे शेपटी जड झाली तर भरून काढणं एका इंजिनाच्या विमानापेक्षा अवघड.

पुढची मापं मी एक नमुना धरून देतो : दोन ‘१५’ आकाराची, म्हणजे प्रत्येकी सुमारे २.५ सीसीची ग्लो इंजिनं (तापलेल्या प्लगने इंधन पेटवणारी), पंखविस्तार ११० सेंमीच्या आसपास, तयार वजन १.१ किलो. तुमचं किट लहान असेल तर प्रमाणात कमी करा.

पंख, बेलक्रँक आणि नॅसेलमधून जाणारी तार

पंख सपाट पाटावर, आराखड्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकून, टाचण्यांनी पक्का धरून बांधा. रिब-स्पारला पांढरा किंवा पिवळा लाकडाचा गोंद उत्तम. सायनो (सुपरग्लू) पटकन धरतो, पण सरकलेली रिब सरळ करायला उसंत देत नाही. इंजिनाचे दांडे, चाकांची तार आणि बेलक्रँकची पाटी मात्र सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीनेच.

किटमधला नायलॉनचा बेलक्रँक फेकून द्या. तो पन्नास वर्षांचा आहे. बोटांत धरून वाकवून पाहिलात तर कदाचित तुमच्यासमोरच तुटेल. सुमारे ७५ मिमीचा नवा घ्या, ३ मिमी प्लायवूडच्या पाटीवर बसवा, आणि ती पाटी दोन रिबमध्ये आणि स्पारला अशी तिन्हीकडून अडकवा. उडताना सगळी ओढ त्या एका खिळीवर येते. किती ओढ? वर्तुळ साडेपाच सेकंदांत पूर्ण झालं तर वेग सुमारे ७८ किमी प्रतितास होतो आणि तारांवर जवळपास पावणेतीन किलोची ओढ येते. विमानाच्या वजनाच्या अडीचपट. हा आकडा शांतपणे फिरतानाचा आहे. झटका बसला की तो बराच वर जातो.

आता दोन इंजिनांच्या विमानातली खास अडचण. बेलक्रँकपासून पंखाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या लीडआऊट तारा आतल्या नॅसेलच्या पोटातून जातात. तिथे टाकी आहे, चाकाची तार आहे, फॉर्मर (आतल्या आडव्या चौकटी) आहेत. आराखड्यात हे सगळं छान मावतं, प्रत्यक्षात तार टाकीच्या कोपऱ्याला घासते. मी फॉर्मरमध्ये गोल छिद्रांऐवजी उभ्या लांबट खाचा ठेवतो आणि टाकीच्या मागून जायला जागा सोडतो. पंख झाकण्याआधी बेलक्रँक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कान लावा. ‘खर्र’ आवाज आला की थांबा. पंख झाकल्यावर ते दुरुस्त करायचं म्हणजे पंखच फाडायचा.

लीडआऊटच्या दोन तारांचा मध्य गुरुत्वमध्याच्या साधारण १ ते २ सेंमी मागे यायला हवा. त्यामुळे नाक किंचित बाहेर राहतं. पंखाच्या टोकाला सरकवता येणारी पट्टी लावलीत तर पहिल्या उड्डाणांनंतर बदल करता येतो. जुन्या किटमध्ये ती नसते, पण ही एक आधुनिक भर मी बिनदिक्कत घालतो.

जुळी नव्हेत नॅसेलं

एका जुन्या मॉडेलमध्ये मी दोन नॅसेलं अगदी आरशातल्या प्रतिमेसारखी बांधली होती. टाक्यासुद्धा. टेबलावर ठेवलं की नजर हटायची नाही. जमिनीवर दोन्ही इंजिनं एका सुरात चालली. हवेत तिसऱ्या-चौथ्या चक्करला आतलं इंजिन खोकलं आणि गप्प झालं. टाकीत निम्म्याहून जास्त इंधन होतं. नाक माझ्याकडे वळलं, हॅण्डलमधली ओढ एकदम नाहीशी झाली, आणि मी पाठ न फिरवता जितकं मागे पळता येईल तितकं पळालो. विमान माझ्यापासून सहा-सात पावलांवर मातीत घुसलं.

झालं होतं ते असं. फिरताना इंधन टाकीत बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. म्हणून इंधन शोषणारी नळी टाकीच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात असावी लागते. आरशातली प्रतिमा बनवली की बाहेरच्या टाकीत ती बरोबर येते, आणि आतल्या टाकीत नेमकी पायलटच्या बाजूला, उलट. टाकी काठोकाठ भरलेली असते तोवर चालतं. पातळी थोडी उतरली की नळी हवा शोषते. आणि बंद पडतं कोणतं? आतलंच.

तेव्हा नियम : दोन्ही टाक्या एकसारख्या, एकाच हाताच्या, म्हणजे दोन्हींत नळी बाहेरच्याच बाजूला. पाचरीच्या आकाराच्या पत्र्याच्या टाक्यांत पाचरीची धार दोन्हीकडे बाहेरच्या दिशेला. इंजिनांचा कोनही तसाच. दोन्ही इंजिनं बाहेरच्या बाजूला १ ते २ अंश वळवा. रडरही किंचित बाहेर. आणि दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरत असतील तर त्यांची प्रतिक्रिया विमानाला आतल्या बाजूला झुकवते, दुप्पट जोराने. म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला २० ते ३० ग्रॅम शिसं ठेवायला डबी करून ठेवा. झाकण स्क्रूचं असू द्या. आकडा पहिल्याच फटक्यात बरोबर येत नाही.

टाकीची उंची निडलच्या (इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) नळीच्या मध्याशी जुळवा. नंतर उडवताना विमान उलटं असताना इंजिन सुलट्यापेक्षा वेगाने, कोरडं (इंधन कमी, हवा जास्त) चालताना ऐकू आलं तर टाकी वर बसली आहे. एखाद-दोन मिमी खाली घ्या.

इंजिनं

जुनी इंजिनं बहुधा घट्ट बसलेली मिळतात. आत सुकलेलं एरंडेल असतं, डिंकासारखं. पक्कड लावून प्रोपेलर फिरवायचा मोह आवरा, इंजिनातला दांडा वाकतो. मागचं झाकण आणि प्लग काढून इंजिन कोमट करा, मिथेनॉलमध्ये भिजवा, पुन्हा कोमट करा. दोन-तीन दिवसांत सुटतं.

लोखंडी पिस्टनच्या जुन्या इंजिनांना तेल भरपूर लागतं. ५ टक्के नायट्रोमिथेन, २५ टक्के एरंडेल, उरलेलं मिथेनॉल, हे मिश्रण मला सोयीचं वाटतं. आजकालच्या कमी तेलाच्या इंधनावर ही इंजिनं चालवू नका. मिथेनॉल विषारी आहे आणि उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना दिसतच नाही, हे लक्षात असू द्या.

दोन्ही इंजिनं आधी वेगवेगळी, पाटावर घट्ट बसवून चालवा. ८×४ चे प्रोपेलर, तोल साधलेले. टॅकोमीटरने फेरे बघा, निडल सर्वात जास्त फेऱ्यांपर्यंत न्या आणि मग ३००-५०० फेरे कमी होईपर्यंत पुन्हा सैल करा. दोन्हींत थोडाफार फरक राहणारच. जे इंजिन जास्त भरवशाचं, पहिल्या-दुसऱ्या फटक्याला सुरू होणारं, ते आत बसवा. फेऱ्यांचे आकडे चांगले कोणाचे यापेक्षा मला हा निकष महत्त्वाचा वाटतो.

दोन्ही एकत्र चालू असताना कान द्या. फेरे जवळ येऊ लागले की आवाज लाटांसारखा ‘वंव-वंव’ येतो, आणि जितके जवळ तितकी लाट संथ. ती पूर्ण नाहीशी व्हायलाच हवी असं नाही. सुराच्या नादात निडल जास्त आवळून एक इंजिन कोरडं पाडणारे मी पाहिलेत.

आता इंधनाचं मोजमाप. भरलेल्या टाकीवर प्रत्येक इंजिन किती मिनिटं चालतं ते स्टॉपवॉचने लिहून ठेवा. सिरिंजने मोजून भरा. बाहेरचं आतल्यापेक्षा २०-३० सेकंद आधी संपेल इतकंच कमी भरा. त्याहून जास्त फरक ठेवला तर एकाच इंजिनावर फरफटत फिरत बसावं लागतं.

कातडं आणि रंग

पंखावर टिश्यू किंवा रेशीम, वर डोप (कातडं ताणून धरणारं लॅकर). डोप सुकताना आकसतो, त्यामुळे पंखाच्या दोन्ही बाजूंना लागोपाठ लावा आणि पूर्ण सुकेपर्यंत पंख सपाट पाटावर दाबून ठेवा. पिळलेला पंख वजनं लावून सुधारत नाही. ब्यूटिरेट डोप ग्लो इंधनाला टिकतो, नायट्रेट टिकत नाही. निदान वरचे हात तरी ब्यूटिरेटचे द्या, खिडक्या उघड्या ठेवून. नॅसेलच्या आत पातळ इपॉक्सी फासा. इंधन मुरलेलं लाकूड मऊ पडतं आणि मग त्यावर काहीच चिकटत नाही.

पिवळी चित्रं पाण्यात सोडण्याआधी त्यांवर पारदर्शक लॅकरचा हात द्या, आणि एक नको असलेला तुकडा आधी भिजवून पाहा. नाहीतर पाण्यात त्यांची भुकटी होते.

मैदानावर

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या १५ ते २० टक्क्यांवर, टाक्या रिकाम्या असताना. एलेव्हेटरची हालचाल पहिल्या दिवशी वर-खाली १५ अंशांपेक्षा जास्त नको.

तारा १८ मीटर, ०.३८ मिमीच्या, पीळदार स्टीलच्या. गाठ, मोड किंवा गंज दिसला तर ती तार बाद. विमान एकाने घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने हॅण्डलकडून वजनाच्या दसपट ओढायचं, म्हणजे आपल्या नमुन्यात ११ किलो. स्प्रिंगचा काटा लावून बघा. पोटात गोळा येतो, पण बेलक्रँक सुटायचाच असेल तर इथे सुटू दे. हॅण्डलचा पट्टा मनगटात. विजेच्या तारांच्या आसपास हे विमान उडवायचं नाही. स्टीलची तार आणि हातातलं हॅण्डल, यापुढे समजवायला नको. ढग गडगडत असतील तर पेटी बंद.

वर्तुळाचा मध्य चुन्याने आखा. बघे २५ मीटरच्या बाहेर.

विमान अशा जागी ठेवा की वारा त्याच्या शेपटीकडून येईल. सुटल्यावर पाव चक्करमध्ये ते अशा ठिकाणी पोचतं जिथे वारा त्याला तुमच्यापासून दूर ढकलतो, म्हणजे नेमक्या नाजूक वेळी तारा ताठ राहतात.

आधी बाहेरचं इंजिन सुरू करा, मग आतलं. बाहेरचं जमिनीवर थोडं जास्त जाळतं, म्हणजे आपल्या हिशेबाला मदतच. सुरू करताना काठी वापरा, बोट नव्हे. पहिलं इंजिन फिरत असताना दुसऱ्याच्या प्लगची क्लिप काढायला हात नेहमी मागून, पंखाच्या मागच्या कडेवरून न्या. दोन फिरत्या प्रोपेलरांमधून हात घालणं ही या छंदातली सगळ्यात मूर्ख जखम. सैल बाह्या दुमडा. विमान धरणाऱ्याने शेपटीजवळ फ्युजलाज धरायचं. आतलं इंजिन तीन-चार फटक्यांत सुरू झालं नाही तर बाहेरचं बंद करून इंधन पुन्हा मोजून भरा. अंदाजाने पुढे जाऊ नका.

सोडायच्या आधी हॅण्डल वर-खाली करा आणि मदतनिसाला मोठ्याने सांगायला लावा : “वर... खाली.” तारा उलट जोडलेलं विमान दोन सेकंद उडतं.

पहिलं उड्डाण सपाट, दोन-तीन मीटर उंचीवर. मनगटाने नाही, खांद्यातून अख्खा हात हलवा. नजर विमानावर ठेवा; मागच्या झाडांकडे पाहिलंत की घेरी आलीच. आठ-दहा चकरांत ओढ कशी आहे, नाक किती बाहेर आहे, पंख झुकतो का, हे कळतं. बाहेरचा पंख लोंबत असेल तर शिसं थोडं काढा.

मग बाहेरचं इंजिन थांबतं. आवाज एकदम निम्मा होतो, नाक थोडं बाहेर सरकतं, वेग उतरतो. काही करायचं नाही, फक्त उंची वाढवायची नाही. दीड मीटरवर फिरत राहा आणि आतलं थांबलं की हलक्या हाताने टेकवा. शेवटच्या अर्ध्या चक्करमध्ये हात किंचित पुढे नेऊन विमानाला ओढत नेलं तर चाकं नीट टेकतात.

आणि हिशेब चुकून आतलं आधी थांबलं तर : लगेच मागे सरका, हात छातीशी ओढा, एलेव्हेटर वर देऊ नका. विमान खाली घ्या आणि जमेल तिथे टेकवा. चाकं वाकली तर वाकू दे. मातीतून ते उचलल्यावर सगळ्यात आधी आतल्या टाकीत किती इंधन उरलंय ते बघा. भरपूर उरलं असेल तर नळी कुठल्या कोपऱ्यात आहे ते तपासायला घ्या.